अर्धं फुलपात्र

“हलू नकोस,” मुजावर मॅडम म्हणाल्या.

मी हललेच नव्हते. मॅडम मशीनच्या पडद्याकडे बघत बोलल्या, म्हणून क्षणभर वाटलं, त्या माझ्याशी नाही, पोटातल्या जिवाशीच बोलताहेत. पण तेही खरं नव्हतं. आतल्या जिवानं हलावं म्हणून तर त्या खोळंबल्या होत्या.

पोटावरची जेली गार पडली होती. मॅडमनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. तीन वाजून दहा मिनिटं. मग परत पडद्याकडे. त्यांच्या हातातलं ते यंत्र माझ्या बरगडीखाली एकाच जागी टेकलेलं होतं आणि दर थोड्या वेळानं त्या ते केसभर इकडं, केसभर तिकडं सरकवत होत्या. माझ्या पायाशी स्टुलावर सासूबाई बसल्या होत्या. हौसाबाई त्यांचं नाव, आम्ही आत्ती म्हणायचो. त्यांना पडद्यावरचं काही कळत नव्हतं. त्या मॅडमच्या तोंडाकडं बघत होत्या आणि मी त्यांच्या.

“सुवर्णा, दुपारी जेवलीस का?”

“हो.”

“किती वाजता?”

“बाराला.”

“झोपेची गोळी, खोकल्याचं औषध, असलं काही घेतलंस का आज?”

“नाही,” मी म्हणाले.

शब्दाला शब्द लावला तर ते खोटं नव्हतं. गोळी मी घेतली नव्हती. औषधही घेतलं नव्हतं.

ही सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. गडहिंग्लजचा दवाखाना, कार्तिक महिना, आणि मला आठवा लागलेला. मी एस.टी.त कंडक्टर होते. आजरा डेपोत लागून पाच वर्षं झाली होती. त्या पाच वर्षांत दोन मुलं पोटातच गेली होती. पहिलं पाचव्या महिन्यात, दुसरं सातव्यात. दोन्ही वेळा मला अशाच एका टेबलावर कळलं. दुसऱ्या वेळी तर डॉक्टर काही बोललेच नाहीत, त्यांनी फक्त पडदा भिंतीकडं फिरवला. तेवढ्यावरून मी काय ते समजले होते.

गावानं कारण शोधून ठेवलं होतं, बसचे हादरे. त्यामुळं तिसऱ्या खेपेला दिवस गेले तशी मी रजा टाकली. चौथ्या महिन्यात थोडं अंगावरून गेलं आणि मॅडमनी पडून राहायला सांगितलं. मग काय, मी माजघरातल्या पलंगावर आणि घर माझ्याभोवती. पाणी हातात, ताट हातात. उठून दारापर्यंत गेले तरी आत्ती मागून यायच्या. नवरा, आनंदा, दूध डेअरीत कामाला. तो संध्याकाळी आला की आधी आईला विचारायचा, “उठली होती का?” मग मला. दिवसाला आठ फेऱ्या मारणारी बाई मी, आता छताच्या वाशांपलीकडं बघायला काही नव्हतं. त्यात सातव्या महिन्यात मॅडम म्हणाल्या, बाळाचं वजन कमी भरतंय, दर आठवड्याला येऊन दाखवायचं. म्हणजे दर आठवड्याला ते टेबल.

झोप गेली ती तेव्हा. आणि थंडी अशी की गोधडीतही पाय गार. एका रात्री आत्ती उठल्या, चुलीवर पाणी तापवलं, त्यात गूळ, सुंठ आणि दोन चमचे ब्रँडी घालून माझ्याकडं आणलं. म्हणाल्या, माझ्या आईनं मला सगळ्या बाळंतपणांत दिली होती, अंगात ऊब राहते. आनंदाला मात्र कळू द्यायचं नाही. हे त्यांनी सांगायची गरज नव्हती. सासरे, आनंदाचे अण्णा, दारूनं गेले. आनंदा बारा वर्षांचा असताना त्यानं बापाला गटारातून उचलून आणला होता. आमच्या घरात खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचाही तो वास घेऊन बघायचा. आत्तींनी आपल्या भावाकडून ती बाटली मागवली होती आणि कोठीच्या खोलीत नाचणीच्या डब्यात पुरून ठेवली होती. आठवड्यातून एखाद्या वेळी दोन चमचे. त्याहून जास्त त्यांनी मला कधी दिली नाही.

डबा मला दुपारी सापडला. आत्ती रोज बाराच्या सुमाराला म्हशीकडं परड्यात जायच्या, दीड-दोनपर्यंत परत येत नसत. पहिल्यांदा मी झाकणभर घेतली. रात्रीची वाट कशाला बघायची, एवढंच मनात होतं. मग कधी दोन झाकणं, कधी तीन. सहा-सात वेळा झालं असेल. घेतली की छातीतली धडधड तासभर बसायची. बस, एवढंच. मला तिची चव कधी आवडली नाही.

त्या दिवशी तीनला टेबलावर झोपायचं होतं. आत्ती परड्यात गेल्या तशी मी कोठीत गेले, आणि झाकणाऐवजी फुलपात्र घेतलं. अर्धं भरलं. तसंच, पाणी न घालता. मग चार लवंगा चावल्या, कपाळाला आणि गळ्याला बाम चोळला. रिक्षात आनंदानं विचारलं, डोकं दुखतंय का? मी हो म्हणाले.

“अर्धा तास झाला,” मॅडम म्हणाल्या.

त्यांनी यंत्र उचललं, पण पडदा फिरवला नाही. आत्तींना कळावं अशा साध्या भाषेत त्यांनी सांगितलं. पोटात हवा नसते, तरी शेवटच्या महिन्यांत बाळ श्वासाचा सराव करत असतं. छातीखालचा पडदा वरखाली होतो, पाणी आतबाहेर होतं. अर्ध्या तासात निदान अर्धा मिनिट तरी ती हालचाल सलग दिसायला हवी. इथं एकदाही दिसली नाही. हातपायही जवळजवळ हलवलेले नाहीत. ठोके चालू आहेत, पाणी बरं आहे.

मला डाव्या कुशीवर वळवलं, साखरेचं पाणी पाजलं, शेजारच्या खोलीत नेऊन पोटाला पट्टे बांधले. मशीनमधून कागद निघू लागला. ठोके ऐकू येत होते, घोडा पळतो तसे. मॅडम कागद हातात धरून बघत होत्या. बाळ हललं की ठोके वर चढायला हवेत, तसे चढत नव्हते. रेघ जवळजवळ सपाट.

त्यांनी आनंदाला आत बोलावलं. दहापैकी चार, असं त्या म्हणाल्या. ह्या तपासणीत बाळाला दहा गुण असतात, ह्याला चार मिळालेत. अशा वेळी वाट बघायची नसते. वजन तेराशे ग्रॅम, छाती अजून तयार नाही, म्हणून इथं सिझर करून उपयोग नाही. एवढ्या लहान जिवाला लागणारं श्वासाचं मशीन बेळगावला आहे. मी तिथल्या डॉक्टरांशी बोलते, तुम्ही ॲम्ब्युलन्स बघा. तिथं पोचल्या पोचल्या बाळ बाहेर काढतील.

“वाचेल का?” आनंदानं विचारलं.

“आत ठेवलं तर जाईल ही भीती आहे. बाहेर काढलं तर झगडावं लागेल. मी खोटं सांगणार नाही.”

“काढा मग,” तो म्हणाला. “गेल्या खेपेला उद्या बघू म्हणाले, आणि उद्या बघायला काही राहिलं नाही. ह्या वेळी थांबायचं नाही.”

त्यानं माझ्या पायाला हात लावला, घोट्याला धरलं, सोडलं आणि तो पळाला. जिन्यावर त्याच्या चपला वाजल्या.

मी कुशीवर पडले होते. पोटाभोवती दोन पट्टे, दंडाला रक्तदाबाचं फडकं, तोंड भिंतीकडं. भिंतीवर एका गोंडस बाळाचं कॅलेंडर होतं. मला सगळं समजत होतं. तोंडात लवंगेची तिखट चव होती आणि तिच्या खाली ती दुसरी चव होती. माझ्या डोक्यात एवढंच फिरत होतं की मला जसं जड, सुस्त वाटतंय, तसंच त्यालाही वाटत असेल का? पण मी डॉक्टर नव्हते. दारूचा आणि ह्या रेघेचा संबंध असेलच असं कुणी सांगितलं होतं? नसेल संबंध, तर फुकटची बोलून बसेन. असेल, आणि बोलले नाही, तर माझं पोट कापून तेराशे ग्रॅमचं बाळ बाहेर काढतील, ज्याला काहीच झालेलं नव्हतं. आणि बोलले तर आनंदा.

तेव्हा आत्ती उठल्या. मॅडम फोनसाठी दाराकडं निघाल्या होत्या, त्यांच्या वाटेत जाऊन उभ्या राहिल्या. पदर डोक्यावरून ओढून घेतला.

“मॅडम, एक सांगायचंय. हिला मी ब्रँडी दिलीया.”

मॅडम थांबल्या.

“थंडीची म्हणून. गरम पाण्यातनं. हिचा काय दोष न्हाई, मीच दिली. पोराला ठावं न्हाई. त्यानं झालं का ओ हे?”

“किती दिलीत, मावशी?”

“दोन चमचं.”

“कधी?”

“परवा राती. त्याच्या आदी आठ दिस झालं असतील.”

मॅडमनी क्षणभर विचार केला. मग त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाल्या, गरोदर बाईला एक थेंबही द्यायचा नसतो, पुन्हा देऊ नका. पण परवाचे दोन चमचे कधीच उतरले. त्यानं आज असं होणार नाही. हे तुमच्यामुळं झालेलं नाही.

आत्ती मटकन स्टुलावर बसल्या आणि रडायला लागल्या. सासऱ्यांच्या वेळी त्यांना रडताना मी पाहिलं नव्हतं, मी तेव्हा ह्या घरात नव्हतेच. पण दोन्ही मुलं गेली तेव्हाही त्या रडल्या नव्हत्या. आता सुटका झाल्यासारख्या रडत होत्या. रडता रडता त्यांनी हात लांब करून माझ्या डोक्यावर ठेवला आणि केसांवरून फिरवू लागल्या.

जन्मभर ज्या गोष्टीनं त्यांचं घर जाळलं, ती आपण घरात आणली हे त्या बाई माझ्यासाठी परक्या माणसासमोर बोलून मोकळ्या झाल्या होत्या. आणि त्यांचं खरं, खरं असूनही, पुरं पडलं नव्हतं. उलट आता दारूची गोष्ट निघाली आणि मिटली. मॅडमनी ती बाजूला ठेवली. बाहेर त्या फोनवर बोलत होत्या, बत्तीस आठवडे, दोन आधीचे मृत्यू, आज संध्याकाळी. तो हात माझ्या केसांतून फिरत होता. आता मी बोलायचं म्हणजे त्या हाताखालून बोलायचं.

“मॅडम,” मी हाक मारली. पुन्हा मारली.

त्या फोन कानाला तसाच धरून दारात आल्या.

“आजच घेतलीय,” मी म्हणाले. “आत्तींनी नाही दिली. त्या परड्यात होत्या. मी घेतली, माझ्या हातानं.”

केसांतला हात थांबला.

मॅडमनी फोनवर सांगितलं, पाच मिनिटांत परत करते. मग स्टूल ओढून माझ्या तोंडासमोर बसल्या.

“किती वाजता?”

“साडेबारा-पाऊण.”

“किती?”

“अर्धं फुलपात्र.”

“पाणी घालून?”

“नाही.”

“रोज घेतेस?”

“नाही. सहा-सात वेळा घेतली. एवढी आजच.”

डोक्यावरचा हात निघून गेला. कधी गेला ते मला कळलं नाही. नंतर तिथं गार लागलं तेव्हा कळलं.

मला वाटलं होतं, मॅडम आता चार शब्द सुनावतील. त्यांनी बोटांवर तास मोजले. मग सावकाश, एकेक वाक्य तोडून सांगितलं. तू पितेस ते थोड्याच वेळात त्याच्याही रक्तात जातं, तुझ्याएवढंच. श्वासाचा सराव मेंदूचा जो भाग करून घेतो, तो भाग त्यानं बधिर होतो. छाती हलायची थांबते. तीन तास, कधी त्याहून जास्त. उतरलं की बहुतेक वेळा आपोआप सुरू होते.

“म्हणजे मी अर्धा तास बघितलं ते आजारी बाळ होतं की झिंगलेलं बाळ, हे मला आत्ता सांगता येत नाही,” त्या म्हणाल्या. “आणि झिंगलेलं असेल तर मी त्याला आठ आठवडे आधी उगाच बाहेर ओढणार होते.”



त्यांनी ठरवलं ते असं. पट्टे काढायचे नाहीत. ठोके जरा जरी खाली आले तर बेळगाव नाही, काही नाही, इथंच टेबलावर घ्यायचं. नाही आले तर सात वाजता पुन्हा बघायचं. तोवर थांबायचं. थांबण्यात धोका आहे, तो त्या स्वतःच्या अंगावर घेत होत्या. त्यांचं कपाळ घामेजलं होतं.

इतक्यात आनंदा आला. ॲम्ब्युलन्स दारात लागली होती. त्यानं माझ्या चपलांची पिशवीसुद्धा उचलली.

मॅडम म्हणाल्या, तीन तास थांबू.

त्याला ते कळेचना. आत्ता तर म्हणालात थांबायचं नसतं. आता काय झालं? कुणाचा फोन आला? तो वरच्या पट्टीत बोलणारा माणूस नाही, पण बोलला. मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “कारण आहे. पण ते मी नाही सांगणार. ते सुवर्णानं सांगायचं की नाही, तिनं ठरवायचं. नाही सांगितलं तरी मी तीन तास थांबणार आहे.”

तो माझ्याकडं वळला. दारात ड्रायव्हरनं हॉर्न दिला.

“आनंदा, मी काय केलं,” आत्तींनी सुरुवात केली.

“आत्ती, तुम्ही थांबा,” मी म्हणाले.

त्यांच्याकडं बघितलं असतं तर जमलं नसतं. मी त्याच्या शर्टाच्या बटणाकडं बघून सांगितलं. बाटली कुठं होती, कुणी आणली हे सांगितलं नाही. मी दुपारी ब्रँडी प्याले, म्हणून बाळ हलत नसेल, म्हणून थांबायचंय. एवढं तीन वाक्यांत संपलं.

त्याच्या हातातली पिशवी तशीच होती. बराच वेळ त्यानं माझ्याकडं बघितलंच नाही. त्यानं आईकडं बघितलं.

“घरात बाटली होती?”

आत्तींनी मान खाली घातली.

त्यानं पिशवी पलंगाच्या पायाशी ठेवली, नीट, चपला आतून पडणार नाहीत अशी. मग बाहेर गेला. थोड्या वेळानं गाडी मागं घेतल्याचा आवाज आला, ड्रायव्हरशी काही बोलणं झालं, आणि गाडी गेली. तो गाडीतूनच गेला की काय, असं मला वाटलं. उठून खिडकीतून बघता येत नव्हतं.

ते तीन तास मी ठोके ऐकत काढले. नर्स यायची, कागद बघायची, जायची. पट्टा सरकला की आवाज एकदम बंद पडायचा आणि माझंच काळीज थांबायचं. मग आत्ती उठून पट्टा सारखा करायच्या. नर्सनं एकदा दाखवलं होतं, तेवढ्यावर त्या शिकल्या. पण बोलत नव्हत्या. हात पट्ट्याला लावायच्या, मला नाही.

पाचच्या सुमाराला त्या म्हणाल्या, “मी तुला मायेनं दिली हुती.”

“माहीत आहे.”

“मग तू चोरून का घेतलीस? मागितली असतीस तर दिली असती का न्हाई, ते मागनं. पर मागायची हुतीस.”

मी म्हणाले, त्या टेबलाची भीती वाटते. दर आठवड्याला वाटतं की आज पडदा फिरवणार. घरात कुणाजवळ बोलायची सोय नाही, सगळे माझ्याकडं फुटणाऱ्या भांड्यासारखं बघतात. मी भ्याले असं म्हटलं तर तुम्ही सगळे माझ्याहून जास्त भ्याल.

“भ्या तर मला बी वाटत हुतं,” आत्ती म्हणाल्या. “म्हणून तर मी रोज परड्यात जाऊन बसत हुतो. म्हशीला काय एवढा येळ लागतोय?”

त्यानंतर पट्टा सारखा केल्यावर त्यांचा हात थोडा वेळ तिथंच राहू लागला.

सातला मला परत आत नेलं. तेच टेबल, तीच गार जेली. मॅडमनी घड्याळ बघितलं. ह्या वेळी त्यांनी पडदा आमच्याकडं वळवला. म्हणाल्या, तुम्ही दोघी पण बघा. बरगड्यांच्या खाली ही पांढरी रेघ दिसते ना, तिच्यावर लक्ष ठेवा.

एक मिनिट. तीन मिनिटं. रेघ होती तशी होती. सात झाली. मॅडमच्या मानेची शीर ताठली होती. दहा. आत्तींनी डोळे मिटले. मी मिटले नाहीत. मिटायचा मला हक्क आहे असं वाटलं नाही.

अकराव्या मिनिटाला रेघ दबली.

मला वाटलं, माझाच श्वास. पण मी श्वास धरून होते. रेघ वर आली, पुन्हा दबली. वर आली. मॅडम आकडे मोजायला लागल्या, आधी पुटपुटत, मग मोठ्यानं. वीस, एकवीस, बावीस. आत्तींनी डोळे उघडले. त्या मान हलवत होत्या, रेघेबरोबर, खाली-वर. मॅडम चाळीसपर्यंत गेल्या आणि थांबल्या. मग बाळानं एक पाय लांब केला, माझ्या बरगडीला बसेल असा.

“बोलवा त्यांना,” मॅडम नर्सला म्हणाल्या.

तो गेला नव्हता. खाली पायरीवर बसला होता, तीन तास. दारात येऊन उभा राहिला, आत आला नाही. मॅडमनी बोटानं रेघ दाखवली. तो बघतो न बघतो तोच ती स्थिर झाली.

“थांबलं,” तो म्हणाला.

मॅडमनी सांगितलं, थांबतं, परत सुरू होतं, सगळ्या बाळांचं तसंच असतं. आता काळजी नाही. पण तो जागचा हलला नाही. पुन्हा सुरू होईपर्यंत तो त्या रेघेवर नजर लावून उभा होता. सुरू झालं तेव्हा जाऊन रिक्षा घेऊन आला.

बाटली आत्तींनी त्याच दिवशी परड्यात ओतली. त्यानंतरचे पाच आठवडे आनंदा रोज बाराला डेअरीतून घरी यायचा आणि दोनपर्यंत माझ्या पलंगाजवळ खुर्ची टाकून बसायचा. पेपर वाचायचा, नाहीतर शेंगा सोलायचा. तो राखणीला बसत होता की सोबतीला, हे मी विचारलं नाही. मला ते आजही माहीत नाही. त्या दिवसाबद्दल तो एकदाच बोलला, तेही शेंगा सोलता सोलता. म्हणाला, “अण्णा कशाला भीत होते, ते त्यांना कुणीच विचारलं नाही. मी पण नाही.” मी काही म्हणायच्या आत त्यानं दुसरी शेंग फोडली.

सदतिसाव्या आठवड्यात मुलगी झाली. दोन किलो शंभर ग्रॅम. मोठ्यानं रडली. आत्तींनी नाव ठेवलं प्रांजल.

ती चालली उशिरा, बोलली वेळेवर. तिसरीत गेल्यावर तिच्या बाईंनी बोलावलं. हिचं लक्ष टिकत नाही, पाढे डोक्यात राहत नाहीत. कोल्हापूरला एका डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी प्रश्नांचा कागद काढला, आणि एक प्रश्न तो होता. आनंदा माझ्या शेजारी बसला होता. तो घाईनं म्हणाला, “नाही, असलं काही नाही.” माझ्या माहितीत तो तेवढं एकच खोटं बोलला असेल. मी म्हणाले, “हो, घेतली होती.” डॉक्टरांनी लिहून घेतलं. म्हणाले, त्यामुळंच हे आहे असं सांगता येणार नाही, आणि त्यामुळं नाही असंही सांगता येणार नाही. प्रांजल तेव्हा बाहेर बाकावर बसून चित्रं बघत होती.

आत्ती चार वर्षांपूर्वी गेल्या. प्रांजल आता दहावीला आहे. गेल्या मे महिन्यात गणिताची शिकवणी सोडून ती घरी आली, दप्तर फेकलं आणि म्हणाली, “माझ्याच डोक्यात काहीतरी कमी आहे.” मी कुकरची शिट्टी होऊ दिली, गॅस बंद केला आणि तिला समोर बसवलं. सगळं सांगितलं. टेबल, घड्याळ, फुलपात्र, ती रेघ. काही वगळलं नाही. मी सांगत होते तोवर ती टेबलावरच्या मिठाच्या डबीचं झाकण उघडमीट करत होती.

माझं संपल्यावर तिनं विचारलं, “हे पप्पांना माहीत आहे?”

“आहे.”

“आज्जीला माहीत होतं?”

“होतं.”

“त्या डॉक्टरांना? कोल्हापूरच्या?”

“त्यांनाही.”

तिनं झाकण लावलं.

“म्हणजे मीच तेवढी राहिले होते,” ती म्हणाली.